रक्ताचे पाणी
(द्वितीय वर्ष कला)

शाळेत असताना मराठीच्या पेपरात 'रक्ताचे पाणी करणे' या वाक्प्रचाराचा वाक्यात उपयोग करा, असा प्रश्न हमखास येई. "आईवडिलांनी रक्ताचे पाणी करून मुलांना शिकविले" हे त्याचे ठरलेले उत्तर. मीही तेच लिहीत असे, आणि आमच्या घरापुरते ते खरेही होते. परंतु या वाक्प्रचाराला शब्दशः अर्थही आहे, हे मला अलीकडेच कळले. आपल्या प्रत्येक डोळ्याच्या वर, भुवईच्या बाहेरच्या टोकाखाली, बदामाएवढी एक ग्रंथी असते. तिला अश्रुग्रंथी म्हणतात. ती रक्तातून पाणी व क्षार घेते, त्यांत आपली काही द्रव्ये मिसळते आणि अश्रू तयार करते. रक्ताचे पाणी करण्याचे काम ती अक्षरशः क्षणोक्षणी करीत असते. ही ग्रंथी थकली तर काय होते, आणि तिचे काम माणसाने प्रयोगशाळेत करून पाहिले तर काय साधते, हा या लेखाचा विषय आहे.

मी कला शाखेची विद्यार्थिनी. या विषयाकडे मी वळले ती माझ्या मावशीमुळे. मी दहावीत असताना मावशीच्या सासूबाई वारल्या. शेवटची चार वर्षे त्या अंथरुणाला खिळून होत्या आणि त्यांचे सगळे मावशीनेच केले होते. तिरडी उठली तेव्हा बायका धाय मोकलून रडत होत्या. मावशी भिंतीला टेकून बसली होती. तिच्या तोंडून हुंदका फुटत होता, पण डोळे कोरडे होते. "सासू गेली, पर सुनंच्या डोळ्यांत टिपूस न्हाई," असे कोणीतरी बोलले आणि दहाव्यापर्यंत ते अर्ध्या गावात झाले. मावशीने कोणालाच उत्तर दिले नाही. खरे सांगायचे तर त्या दिवशी मलाही तिचा थोडा राग आला होता.

पुढे वर्षभराने ती आईला म्हणाली, "डोळ्यांत वाळू पडल्यावानी वाटतंय गं. उन्हाकडं बघवत न्हाई." भाकरीचा घास पाण्याच्या घोटाशिवाय तिच्या घशाखाली उतरत नव्हता. सकाळी उठल्यावर बोटांचे सांधे आखडलेले असत. तालुक्याच्या गावी दोनदा दाखविले. एकदा थेंब मिळाले, एकदा चष्मा मिळाला, आणि "डोळ्यांत काही नाही" असे सांगण्यात आले. शेवटी तिला पुण्याच्या एका मोठ्या रुग्णालयात नेले. आमच्या घरात इंग्रजी कागद वाचू शकणारी मी एकटीच, म्हणून मला बरोबर पाठविले. डॉक्टरांनी लिहिलेल्या पंधरा-वीस शब्दांपैकी मला दोनच कळले : 'ड्राय' आणि 'आय'. उरलेले शब्द कळावेत म्हणून जे वाचले आणि डॉक्टरांना जे विचारले, तेच येथे माझ्या शब्दांत मांडीत आहे.

अश्रू म्हणजे नुसते पाणी नव्हे

डोळ्याच्या काळ्या भागावर घड्याळाच्या काचेसारखा एक पारदर्शक पडदा असतो. मराठी ग्रंथांत त्याला स्वच्छमंडल म्हणतात, डॉक्टर कॉर्निया म्हणतात. त्याची जाडी मध्यभागी अवघी अर्धा मिलिमीटर. या पडद्याचे वैशिष्ट्य असे की, त्यात एकही रक्तवाहिनी नाही. असती तर आपल्याला सारे जग लाल जाळीतून पाहावे लागले असते. पण रक्त नाही म्हणजे शिधाही नाही. मग हा पडदा जगतो कशावर? त्याला आतून डोळ्यातील द्रव पोसतो, कडेने काठावरच्या बारीक रक्तवाहिन्या थोडे देतात, आणि बाहेरून अश्रू पोसतात. हवेतील प्राणवायूदेखील अश्रूंत विरघळूनच त्याच्यापर्यंत पोहोचतो. म्हणजे अश्रू हे केवळ दुःखाचे चिन्ह नव्हे. ज्या ठिकाणी रक्त जाऊ शकत नाही, तेथे रक्ताच्या वतीने जाणारे ते दूत आहेत, असे म्हटले तर वावगे ठरणार नाही.

या अश्रूंचा थर मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाएवढाच जाड असतो. तथापि त्याची रचना विचार करण्याजोगी आहे. तळाशी बुळबुळीत श्लेष्मा असतो. तो अश्रूंना डोळ्याच्या पृष्ठभागावर धरून ठेवतो. त्यावर अश्रुग्रंथीतून आलेले पाणी. आणि सर्वांत वर तेलाचा अतिशय पातळ पापुद्रा, ज्यामुळे खालचे पाणी उडून जात नाही. हे तेल पापण्यांच्या काठावरील ग्रंथींतून येते. हाइनरिख माइबोम या जर्मन वैद्याने १६६६ साली त्यांचे वर्णन केले, म्हणून त्या त्याच्या नावाने ओळखल्या जातात. पापणी लवते तेव्हा हा तिपदरी थर नव्याने सारवला जातो. शेणाने अंगण सारवणाऱ्या बाईचा हात जसा एकसारखा फिरतो, तसे हे काम आहे; फक्त ते मिनिटाला पंधराएक वेळा चालते.

अश्रूंत औषधी द्रव्येही असतात. पेनिसिलिनचे संशोधक अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी त्याआधी, १९२२ साली, लायसोझाइम नावाच्या जंतुनाशक द्रव्याचा शोध जाहीर केला. ते अश्रूंत भरपूर सापडते. प्रयोगाला अश्रू हवेत म्हणून ते आपल्या व सहकाऱ्यांच्या डोळ्यांत लिंबू पिळत असत! याशिवाय अश्रूंत जीवनसत्त्व अ आणि पेशींची वाढ व दुरुस्ती घडवून आणणारे वृद्धिघटक असतात. स्वच्छमंडलाच्या वरच्या थरातील पेशी साधारण आठ-दहा दिवसांत झडून नव्या येतात. ही अखंड डागडुजी या घटकांच्या बळावर चालते.

पाणी का आटते?

आपल्याकडे सुश्रुताने ७६ नेत्ररोग सांगितले आहेत. त्यांत 'शुष्काक्षिपाक' नावाचा एक आहे. आजच्या कोरड्या डोळ्यांच्या विकाराशी त्याचे साम्य आयुर्वेदाचे अभ्यासक दाखवितात. तेव्हा हे दुखणे काही मोबाइलच्या काळातच जन्मले असे नाही. अर्थात पडद्याकडे टक लावून पाहताना पापण्या लवण्याचे प्रमाण निम्म्याहून खाली येते, हे खरे आहे, आणि आपल्यापैकी अनेकांच्या डोळ्यांची चुरचुर त्यातलीच असते.

डॉक्टर या विकाराचे ढोबळपणे दोन प्रकार मानतात. पहिल्या प्रकारात पाणी तयार होते, पण वरचा तेलाचा पापुद्रा नीट नसल्याने ते लवकर उडून जाते. हा प्रकार जास्त आढळतो. दुसऱ्यात पाणीच कमी तयार होते. वाढते वय, स्त्रियांमध्ये पाळी जाण्याचा काळ, संधिवात, सर्दी-खाजेवरची काही औषधे, जीवनसत्त्व अ चा अभाव, चष्मा घालविण्यासाठी केलेली लेसर शस्त्रक्रिया, अशी अनेक कारणे या विकारामागे असू शकतात. एखाद्या औषधाची तीव्र प्रतिक्रिया येऊन त्वचा सोलून निघते, तो स्टीव्हन्स-जॉन्सन नावाचा विकार तर डोळ्यांचा पृष्ठभाग कायमचा उद्ध्वस्त करू शकतो. गंमत अशी की, कोरड्या डोळ्यांतून कधी कधी धारा लागतात. पृष्ठभाग चुरचुरला की ग्रंथी एकदम पाणी सोडते, परंतु ते टिकत नाही. म्हणून 'पाणी येते, म्हणजे डोळे कोरडे नाहीत' असे समजणे चुकीचे आहे.

मावशीच्या कागदावरचा सर्वांत अवघड शब्द होता 'श्योग्रेन'. हे एका स्वीडिश नेत्रवैद्याचे नाव आहे. हेन्रिक श्योग्रेन यांनी १९३३ साली स्टॉकहोम येथे आपला प्रबंध सादर केला. त्यात त्यांनी डोळे कोरडे असलेल्या १९ स्त्रियांचा अभ्यास मांडला होता. त्यांतील बऱ्याच जणींना सांधेदुखीही होती. डोळे, तोंड आणि सांधे ही तीन वेगळी दुखणी नसून एकाच विकाराची तीन तोंडे आहेत, हे त्यांनी दाखवून दिले. या प्रबंधाला तेव्हा इतके कमी गुण पडले की, त्यांना विद्यापीठात अध्यापकपदाचा मार्ग मोकळा झाला नाही. पुढे १९४३ साली त्याचे इंग्रजी भाषांतर झाले आणि त्यांचे नाव जगभर गेले. कमी गुण मिळालेल्यांनी निराश होऊ नये, यासाठी हे उदाहरण लक्षात ठेवण्यासारखे आहे.

या विकारात शरीराचे रक्षण करणाऱ्या पांढऱ्या पेशी वाट चुकतात आणि स्वतःच्याच अश्रुग्रंथींवर व लाळेच्या ग्रंथींवर हल्ला करतात. राखणदारानेच पीक तुडवावे, तशातला प्रकार. दर दहा रुग्णांत सुमारे नऊ स्त्रिया असतात. ग्रंथी पुरती निकामी झाली की कांदा चिरूनही पाणी येत नाही आणि जिवलग माणूस गेले तरी अश्रू येत नाहीत. हे वाचले त्या दिवशी मला सासूबाईंच्या मयताचा दिवस आठवला. पुढे वाचवेना म्हणून पुस्तक मिटून ठेवले.

तपासणी मात्र अगदी साधी आहे. ऑटो शिर्मर या जर्मन वैद्याने ती १९०३ साली सांगितली. टिपकागदाची पाच मिलिमीटर रुंदीची पट्टी खालच्या पापणीत अडकवितात आणि पाच मिनिटांत ती किती भिजली ते मोजतात. दहा मिलिमीटरच्या पुढे भिजली तर सामान्यतः ठीक मानतात, पाचच्या आत असेल तर पाणी फारच कमी. मावशीची पट्टी दोन मिलिमीटर भिजली. दुसऱ्या तपासणीत डोळ्यांत पिवळसर रंग घालून निळ्या प्रकाशात पाहतात. अश्रूंचा थर किती सेकंदांत फाटतो आणि पृष्ठभागावर कोठे ओरखडे आहेत, ते त्यात दिसते. मावशीच्या स्वच्छमंडलावर टाचणीने टोचल्यासारखे असंख्य ठिपके होते. 'डोळ्यांत काही नाही' म्हणतात ते हेच!

नेहमीचे उपाय आणि त्यांची मर्यादा

वाचकांचा असा समज होऊ नये की, डोळे कोरडे झाले की लगेच रक्ताचे थेंब घालतात. आधीच्या पायऱ्या पुष्कळ आहेत. या विषयातील तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय मंडळाने २०१७ साली उपचारांची जी क्रमवारी सांगितली, तीत रक्तापासूनचे थेंब तिसऱ्या पायरीवर आहेत. पहिल्या पायरीवर धूळ, वारा, धूर यांपासून जपणे, पापण्या कोमट पाण्याने शेकून स्वच्छ ठेवणे आणि बाजारात मिळणारे कृत्रिम अश्रू वापरणे हे येते. त्यानंतर परिरक्षक द्रव्य नसलेले थेंब, सूज उतरविणारी औषधे, आणि अश्रू नाकात वाहून नेणाऱ्या बारीक छिद्रांना बूच बसविणे. होय, आपल्या पापण्यांच्या नाकाकडील कोपऱ्यात अशी छिद्रे असतात. रडताना नाक वाहते ते त्यामुळेच. विहिरीला झरा कमी असेल तर निदान गळती बुजवावी, असा हा विचार. माणदेशातील माणसाला तो समजावून सांगावा लागत नाही.

परंतु कृत्रिम अश्रूंत ओलावा असतो, शिधा नसतो. ते डोळा भिजवितात, पण पेशींची दुरुस्ती करणारे घटक त्यांत नाहीत. शिवाय बाटली टिकावी म्हणून अनेक थेंबांत जे परिरक्षक घालतात, ते दिवसातून दहा-बारा वेळा पडू लागले की नाजूक पृष्ठभागालाच इजा करते. मावशीने जवळजवळ वर्षभर हे सर्व केले. चुरचुर थोडी कमी झाली, ठिपके मात्र गेले नाहीत.

रक्ताचा विचार कसा सुचला?

अश्रूंसारखे दुसरे काय आहे, असा प्रश्न विचारला तर उत्तर फार दूर नाही. अश्रू जेथून येतात, ते रक्तच. रक्त गोठले की गाठ खाली बसते आणि वर पिवळसर, नितळ द्रव उरतो. त्याला रक्तरस किंवा सीरम म्हणतात. त्याची आम्लता जवळजवळ अश्रूंएवढी असते, क्षारांचे प्रमाणही जवळपास तेवढेच. जीवनसत्त्व अ त्यात अश्रूंपेक्षा अधिक असते. आणि रक्त गोठताना त्यातील बिंबाणू फुटतात व जखम भरून काढणारे वृद्धिघटक त्या द्रवात सोडतात. निसर्गाने ही योजना कापलेल्या बोटासाठी केली आहे. माणसाने ती डोळ्याच्या ओरखड्यांसाठी वळवून घेतली.

अमेरिकेत १९७५ साली राल्फ व त्यांच्या सहकाऱ्यांनी रसायनाने भाजलेल्या डोळ्यांवर सतत द्रव सोडणाऱ्या छोट्या पंपाचे अनुभव प्रसिद्ध केले. रुग्णाच्या स्वतःच्या रक्तापासूनचा द्रव डोळ्यांसाठी वापरण्याची सुरुवात म्हणून त्या लेखाकडे बोट दाखविले जाते. कोरड्या डोळ्यांसाठी स्वतःच्या रक्तरसाचे थेंब उपयोगी पडतात, हे १९८४ साली डॉ. रॉबर्ट फॉक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी श्योग्रेनच्या रुग्णांत दाखविले. तरीही ही पद्धत खऱ्या अर्थाने रूढ झाली ती १९९९ नंतर. त्या वर्षी जपानमधील डॉ. काझुओ त्सुबोता व त्यांच्या सहकाऱ्यांनी श्योग्रेनच्या १२ रुग्णांना वीस टक्के रक्तरसाचे थेंब दिवसातून सहा ते दहा वेळा, चार आठवडे दिले आणि डोळ्यांच्या पृष्ठभागावरील इजा कमी झाल्याचे नोंदविले. थेंबांतील महत्त्वाचे घटक शीतपेटीत महिनाभर आणि गोठवून ठेवल्यास तीन महिने टिकतात, हेही त्यांनी तपासले. आज ब्रिटनमध्ये सरकारी आरोग्यसेवेची रक्तपेढी असे थेंब करून देते, आणि आपल्याकडेही मोठ्या नेत्ररुग्णालयांत ते तयार होतात.

थेंब तयार करण्याची रीत

मावशीचे रक्त काढले त्या दिवशी मी बाहेरच्या बाकावर होते. पुढे काय होते ते तेथील तंत्रज्ञांनी मला समजावून सांगितले.

प्रथम रक्ताची तपासणी होते. एड्स, कावीळ ब व क, आणि उपदंश यांचे जंतू नाहीत ना, हे पाहतात. रुग्णाला रक्तक्षय असेल तर त्याच्याकडून रक्त घेण्याआधी विचार करावा लागतो. मग शिरेतून रक्त घेतात. मावशीचे ४० मिलिलिटर घेतले, म्हणजे चहाच्या अर्ध्या कपाहूनही कमी. त्यात गोठू न देणारे औषध घालीत नाहीत, कारण येथे रक्त गोठणेच हवे असते. साधारण दोन तास ते तसेच ठेवतात. नंतर नळ्या वेगाने फिरणाऱ्या यंत्रात घालतात. आपल्याकडे ताक घुसळून लोणी वेगळे काढतात, त्याच्याशी याचे नाते आहे. जड पेशी तळाशी जातात, हलका रस वर राहतो.

हा रस निर्जंतुक हवेच्या कपाटात अलगद काढून घेतात आणि त्यात चौपट निर्जंतुक सलाइन मिसळतात. एक भाग रस, चार भाग सलाइन, म्हणजेच वीस टक्के. निव्वळ रस का घालीत नाहीत, असे मी विचारले. जखम भरताना काम करणारा एक घटक रक्तरसात अश्रूंच्या सुमारे पाचपट असतो, आणि तो फार झाला तर पृष्ठभागाच्या पेशींची वाढ उलट मंदावते. म्हणून पाचपट पातळ करावयाचे. काही ठिकाणी गरजेप्रमाणे अधिक तीव्र थेंबही देतात.

आता हिशेब पाहा. ४० मिलिलिटर रक्तातून सुमारे १६ मिलिलिटर रस मिळाला. त्यात ६४ मिलिलिटर सलाइन घातले, झाले ८० मिलिलिटर. तीन-तीन मिलिलिटरच्या सव्वीस बाटल्या भरल्या. उघडलेली बाटली तीन दिवसांनी टाकून द्यावयाची, असे मावशीला सांगितले आहे. म्हणजे सव्वीस बाटल्या अठ्ठ्याहत्तर दिवस पुरतात. मग पुन्हा पुणे, पुन्हा सुई.

खरी परीक्षा पुण्यात नव्हे, गावात सुरू होते. या थेंबांत परिरक्षक नसते, आणि रक्तरस म्हणजे जंतूंना आयते जेवण. म्हणून न उघडलेल्या बाटल्या गोठवून ठेवाव्या लागतात, चालू बाटली शीतपेटीत, उजेडापासून दूर. बाटलीचे टोक पापणीला किंवा बोटाला लागता कामा नये. मावशीच्या घरी शीतपेटी आहे, पण वीज कधी जाईल याचा नेम नाही. डॉक्टरांना विचारून आम्ही बाटल्या बंद डब्यात घालून गावातील दुकानदाराच्या आइस्क्रीमच्या पेटीत ठेवल्या. त्याच्याकडे इन्व्हर्टर आहे. पुण्याहून एस.टी.ने येताना बर्फ भरलेला थर्मास मांडीवर असतो. दर तीन दिवसांनी मावशी दुकानात जाऊन आपल्याच रक्ताची एक बाटली घेऊन येते. दुकानातली पोरे आधी हसत. आता डबा तीच काढून देतात.

गुण किती आणि भरवसा किती?

एखाद्या उपचाराने आपल्या माणसाला बरे वाटले की तो रामबाण आहे असे लिहिण्याचा मोह होतो. तो टाळला पाहिजे. जगभरातील वैद्यकीय चाचण्या तपासून निष्कर्ष काढणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने या थेंबांचाही आढावा घेतला आहे. २०१७ साली अद्ययावत केलेल्या आढाव्यात त्यांच्या कसोटीला उतरलेल्या चाचण्या पाचच होत्या आणि त्यांतील रुग्ण सगळे मिळून ९२. कृत्रिम अश्रूंच्या तुलनेत पहिल्या दोन आठवड्यांत रुग्णांना अधिक आराम वाटण्याची शक्यता दिसली. त्यापुढचा फायदा मात्र या चाचण्यांतून सिद्ध झाला नाही. म्हणजे उपचार निरुपयोगी ठरला असे नव्हे. पुरावा तोकडा आहे, एवढाच त्याचा अर्थ. प्रत्येकाचे रक्त निराळे, करण्याची रीत ठिकठिकाणी निराळी, तेव्हा तुलना करणेही सोपे नाही.

दुसरी शंका अधिक मूलगामी आहे. श्योग्रेनच्या रुग्णाच्या रक्तातच बिघाड घडविणारी द्रव्ये फिरत असतात. मग तेच रक्त डोळ्यांत घालावे का? यासाठी काही देशांत दुसऱ्या निरोगी दात्याच्या रक्तापासून थेंब करतात. ब्रिटनमध्ये पुरुष दात्यांचे रक्त वापरले जाते. दक्षिण कोरियातील वैद्यांनी बाळाच्या नाळेतील रक्ताचा रस वापरून पाहिला आहे. इंग्लंडमध्ये तर बोटाला सुई टोचून आलेला रक्ताचा थेंब तसाच खालच्या पापणीत लावण्याचा छोटा अभ्यासही झाला आणि २०१७ साली तो प्रसिद्ध झाला. मात्र हे सर्व डॉक्टरांच्या देखरेखीखाली चालते. ते वाचून कोणी घरी प्रयोग करू नये, हे मी मुद्दाम लिहिते, कारण आपल्याकडे डोळ्यांत मध, गुलाबपाणी, अंगावरचे दूध असे काय वाटेल ते घालण्याची सवय आहे. ओरखडे पडलेल्या डोळ्याला जंतूंचा संसर्ग झाला तर फूल पडून दृष्टी जाऊ शकते.

मावशीचे म्हणाल, तर तिला थेंब सुरू करून आठ महिने झाले. पृष्ठभागावरचे ठिपके बरेच कमी झाले आहेत. दुपारी डोक्यावरचा पदर डोळ्यांवर ओढून ती शेतात जाऊ शकते, सुईत दोरा ओवू शकते. रात्री डोळे पापण्यांना चिकटत नाहीत. तोंडाची कोरड आणि सांधे आहेत तसेच आहेत. त्यांची औषधे वेगळी चालू आहेत. थेंब बंद ठेवले तेव्हा आठवड्याभरात चुरचुर परत आली. म्हणजे हे थेंब ग्रंथीला पुन्हा जागे करीत नाहीत. ते तिचे काम रोजंदारीवर करतात, एवढेच.

समारोप

शेवटच्या खेपेला मावशीने डॉक्टरांना विचारले, "आता मला रडू येईल का?" डॉक्टर क्षणभर थांबले आणि म्हणाले, "रडू येईल हो मावशी, पाणी येणार नाही. पण तुमचे डोळे शाबूत राहावेत यासाठी आपण हे करतोय." मावशी हसली. एस.टी.त बसल्यावर मला म्हणाली, "आत्याबाई गेल्या तवा मी लई रडले, पोरी. कुणाला दिसलं न्हाई."

आपल्या भाषेने अश्रूंना साक्षीदार केले आहे. 'डोळ्यांत पाणी आले नाही' म्हणजे 'मन द्रवले नाही', असे आपण किती सहज म्हणतो! परंतु अश्रू ही शरीराची एक व्यवस्था आहे आणि ती इतर कोणत्याही व्यवस्थेसारखी बिघडू शकते. दुःख मात्र त्या ग्रंथीत राहत नाही. हा विकार बाहेरून दिसत नाही, म्हणून घरातील माणसांनाही तो खरा वाटत नाही. आपल्या आई-मावश्यांपैकी कोणी डोळ्यांत वाळू गेल्याची, घास न उतरण्याची, सांधे आखडण्याची तक्रार एकाच वेळी करीत असेल, तर ती चुलीच्या धुरावर किंवा वयावर ढकलू नका. टिपकागदाची एक पट्टी आणि पाच मिनिटे, एवढ्यात पुष्कळ काही कळते.

मावशीने जन्मभर रक्ताचे पाणी केले. घरासाठी, शेतासाठी, त्या सासूबाईंसाठीही. आता तिच्यासाठी कोणीतरी तिच्याच रक्ताचे पाणी करून देत आहे. शाळेतला तो प्रश्न आज पेपरात आला, तर मी हेच वाक्य लिहीन.